सात नंबर : खूण केली

आकडे मागायला गेलो म्हणून मला आजवर तीनदा मार पडला आहे. पहिल्यांदा पान्याने, दुसऱ्यांदा स्टीलच्या फूटपट्टीने आणि तिसऱ्यांदा दाराने. दार साधं नव्हतं. चिलखती गाडीचं, गोळी अडवणाऱ्या पोलादाचं दार. ते माझ्या अंगावर पडलं असं मी आल्यागेल्याला सांगतो. बायको म्हणते, दार जागेवरच होतं, तुम्ही त्याच्यावर पडलात. दुखण्यात त्याने काही फरक पडत नाही, म्हणून मी वाद घालत नाही.

माझं काम नातेवाइकांना अजून कळलेलं नाही, तेव्हा आधी ते सांगतो. सैन्याला काही विकत घ्यायचं असलं की विकणारा किंमत सांगतो. ती रास्त की फुगवलेली हे कळायला, ती वस्तू बनवताना खरोखर किती पोलाद, किती तार, किती माणसं आणि किती तास जातात, ते कुणीतरी जाऊन बघून यावं लागतं. तो बघून येणारा मी. पंचवीस वर्षं मी दिल्लीच्या चारी बाजूंच्या कारखान्यांत घड्याळ घेऊन उभा राहिलोय. लोक मला बघून एकतर चहा देतात किंवा पाना फेकतात.

आमच्या साहेबांचे दोन नियम होते. गोल आकडा दिसला की तो खोटा. कुणी 'चोवीस तास' लिहिलं तर ते घरी पंख्याखाली बसून लिहिलेलं असतं. 'तेवीस तास दहा मिनिटं' लिहिलं तर निदान घड्याळाकडे पाहण्याचे कष्ट तरी घेतलेत. आणि दुसरं, केलेली नोंद फाडायची नाही. चुकली तर एक रेघ मारून शेजारी बरोबर लिहा, पण पान फाडलंत तर पुढची सगळी वही खोटी. हा दुसरा नियम मी देवासारखा पाळला. त्यापायी एक माणूस मेला असता.

गाझियाबादला एका कारखान्यात या चिलखती गाड्यांची दारं बनत होती. त्यांनी कागद पाठवला : एका दाराचं वेल्डिंग, चोवीस तास. गोल. साहेबांनी तो कागद दोन बोटांत मेलेल्या पालीसारखा धरला आणि मला म्हणाले, तीन दारं घ्या, सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाठलाग करा आणि खरे तास घेऊन या.

दाराचा पाठलाग करायचा म्हणजे आधी त्याच्यावर खूण करावी लागते. नाहीतर तुम्ही चहाला गेलात की तुमचं अर्धवट दार बाजूला जातं आणि कालपासून बनत असलेलं दुसरं तिथे येऊन बसतं. म्हणून मी खडूने प्रत्येक दाराच्या कोपऱ्यात एक गोल काढतो आणि त्याला एक वळलेली शेपटी. घरी सगळे त्याला उंदीर म्हणतात. असो. माझी खूण आहे ती, आणि सगळ्या उत्तर भारतात तशी दुसरी कुणी काढत नाही.

नोंदी मी मराठीत करायचो. कारखान्याची माणसं खांद्यावरून डोकावतात, आणि आर. के. पुरमच्या आमच्या क्वार्टर्सपासून गाझियाबादपर्यंत मराठी म्हणजे खासगी कुलूप, अशी माझी समजूत. कुलपाची किल्ली प्रत्येकाच्या खिशात आहे, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. लिपी तीच की. हिंदी शिकलेला कुणीही माझी मराठी वाचू शकतो. त्याला कळत नाही एवढंच, आणि जे कळत नाही ते तो आपल्या परीने लावून घेतो.

याचा पहिला झटका पहिल्याच दिवशी बसला. सुपरवायझरने वहीत माझा रकाना पाहिला : तास. तिकडे पत्त्यांना 'तास' म्हणतात. तो पांढराफटक पडला. पंधरा मिनिटांत कॉम्प्रेसरच्या खोलीमागून चार जण घाईने बाहेर आले, आणि एकाच्या पँटच्या पायातून इस्पिकचा गुलाम खाली पडला. सरकारने दिल्लीहून जुगार मोजायला माणूस पाठवलाय, अशी बातमी दुपारपर्यंत गेटाबाहेरच्या चहावाल्यापर्यंत पोचली होती. मी खूप हसलो. ज्यांचा डाव मोडला ते हसले नाहीत. त्यांतल्या एकाने माझ्या पायाशी ग्राइंडरच्या ठिणग्यांचा असा फवारा सोडला की माझ्या बुटांना चाळणीसारखी भोकं पडली. मोज्यांना तर नक्कीच पडली.

तिसरं दार सात नंबरच्या बूथमध्ये होतं. तिथला वेल्डर, त्याला सगळे सात नंबरच म्हणायचे, यमुनाकाठच्या कुठल्यातरी गावचा होता. त्याचा पंजा म्हणजे फावडं. मान अशी की शर्टाचं वरचं बटण आयुष्यात कधी लागलं नसेल. पण एक गोष्ट मला खटकायची. कारखान्याचं छत तीन मजले उंच, तरी हा माणूस वाकून आत शिरायचा आणि वाकूनच बाहेर जायचा. मला वाटलं, उंच माणसांना सवय असते.

त्याहून जास्त खटकली ती हजेरी. यंत्र पुढच्या गेटवर. त्यात सात नंबरचं कार्ड रोज नऊला दोन मिनिटं कमी असताना लागलेलं. आणि हा माझ्या डोळ्यांदेखत नऊ दहाला मागच्या फाटकाने येतो. म्हणजे कार्ड दुसराच कुणीतरी लावतो. तासांचा हिशेब करणाऱ्या माणसाला असं काही दिसलं की अंगावर खाज सुटते. मी तीन दिवस त्याच्यावर नजर ठेवली. जे दिसलं ते पानावर लिहिलं :

७ नंबर – खूण केली.
आला ९.१०
पाणी ९.४०
लघवी १०.१५
जेवण एकटा १.०५
सुटला ५.३५, मागच्या फाटकाने.

रोज तेच, एकही मिनिट इकडेतिकडे नाही. घाबरलेला माणूस इतका ठरल्या वेळी वागतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पानाच्या पाठीमागे मी त्याच्या दाराचे तास मांडत होतो.

तिसऱ्या दिवशी जेवणानंतर मी वही त्या दारावर ठेवून जरा मोकळा व्हायला गेलो. परत आलो तर सात नंबर मुखवटा कपाळावर सरकवून, ओळीखाली बोट धरून, शाळेत वाचतात तसा माझं पान वाचत होता. मी जवळ गेलो. त्याने बोट एका शब्दावर ठेवलं आणि शांतपणे विचारलं,

"बाबू, यो खूण किसका लिख राख्या है?"

इथे समजून घ्या. त्याच्या गावाकडे 'न'चा 'ण' करतात. रक्ताला, कत्तलीला ते खूण म्हणतात. आणि मी काय केलं? माझा शब्द त्याने बरोबर वाचला याचं कौतुक वाटून मी मान डोलावली. म्हटलं, हां हां, खूण. तुम्हारे नंबर का.

पुढचं मी तुकड्यातुकड्यांत सांगू शकतो, कारण मला तसंच ते मिळालं. आधी पाय जमिनीवरून सुटले. मग कापलेल्या पोलादाच्या पट्ट्यांची घोडी पाठीत घुसली. मग कपाळ दाराच्या कडेवर आपटलं आणि उजवी भुवई मधोमध फाटली. रक्त असं आलं की मला वाटलं कुणीतरी गरम पाणी ओततंय. मी ओरडलो असेन, कारण इतर बूथमधले धावत आले. त्यात ज्यांचा पत्त्यांचा डाव मोडला होता तेही होते. त्यांना कारण नको होतं, संधी हवी होती. एकाने बरगडीत लाथ घातली. दुसऱ्याने वेल्डिंगची पपडी फोडायची हातोडी माझ्या गुडघ्यावर आणली. सुपरवायझर सोडवायला आला, तर त्याच्या कानशिलात कुणीतरी अर्थिंगचा जाड चिमटा हाणला आणि तो माझ्याच बाजूला येऊन पडला. हवेचा पाइप निसटून नागासारखा फुत्कारत सगळ्यांच्या तोंडावर सपासप बसत होता. आम्ही दहा-बारा माणसं त्या पंधरा मिनिटांत एकमेकांना जेवढं तुडवता येईल तेवढं तुडवत होतो, आणि त्यातल्या निम्म्यांना कशासाठी ते ठाऊक नव्हतं. माझा एक दात गेला. मी दोन सांगतो, कारण दुसरा तेव्हापासून हलतो.

मग सात नंबरने सगळ्यांना दूर लोटलं, माझ्या छातीवर गुडघा ठेवला आणि जळत्या रॉडचा होल्डर माझ्या डोळ्यापासून चार बोटांवर धरला. भुवईचे केस करपल्याचा वास आला.

"किसनै भेज्या?"

भीतीने माझं हिंदी पळालं. पंचवीस वर्षं ज्या भाषेत मी रिक्षावाल्यांशी भांडलो तिचा एक शब्द आठवेना. मी आपला मराठीत ओरडतोय, अरे खूण रे, खूण म्हणजे खूण! आणि मी जितक्यांदा खूण म्हणतोय तितका तो रॉड खाली येतोय.

माझा जीव खडूने वाचवला. खिशात होता, मोडलेला. मी पडल्या पडल्या हात लांब करून दाराच्या कोपऱ्यात एक गोल काढला, त्याला शेपटी काढली आणि बोटाने त्याच कोपऱ्यातल्या आधीच्या गोलाकडे दाखवलं. तीन दिवसांपासून तो उंदीर तिथे होता. सात नंबरने या उंदराकडे पाहिलं, त्या उंदराकडे पाहिलं. मग रॉड बाजूला गेला. "निशान," मी म्हटलं. एवढा एक हिंदी शब्द परत आला.

तो मटकन खाली बसला. खांद्यावरचा गमछा काढून त्याने माझं डोकं इतकं घट्ट बांधलं की माझे विचार थांबले. मग बाकीचे गेल्यावर तो हळू आवाजात बोलला. बांधाच्या भांडणात चुलतभावांनी त्याच्या सख्ख्या भावाला उसाच्या गुऱ्हाळावर गोळ्या घातल्या होत्या. साक्ष द्यायला उरलेला हा एकटा. बाकी दोघांनी पाहिलं होतं, पण त्यांनी नंतर पाहिलं नाही असं लिहून दिलं. चुलतभाऊ जामिनावर बाहेर होते आणि याला शोधत होते. कोर्टात याची साक्ष अकरा दिवसांवर आली होती. तोवर जगायचं, एवढंच त्याच्यापुढे काम होतं. म्हणून मागचं फाटक, दुसऱ्याने लावलेलं कार्ड, एकट्याचं जेवण आणि वाकून चालणं. अशा माणसाला कुणी परका वहीत त्याची येण्याजाण्याची वेळ लिहून वर खूण लिहिताना दिसला, तर त्याने मला फक्त मारलं हे उपकारच.

शेवटी त्याने एकच मागितलं. ते पान फाडून टाक.

मी म्हटलं, नोंद फाडता येत नाही. डोकं गमछ्यात, तोंडात रक्त, आणि मी त्याला नियम समजावतोय. त्याने पुन्हा विचारलं नाही. माझ्याकडे फक्त पाहिलं.

घरी भुवईला चार टाके घालून आलो. बाहेर मी चौदा सांगितले. बायकोने दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "आकडे मिळाले का?" तिचं प्रेम असंच आहे. मुलगी दिल्लीत जन्मलेली, दिल्लीतच वाढलेली. तिने वही उचलून पान वाचलं आणि तिचा चेहरा उतरला.

"बाबा, कुणाचा खून केली? म्हणजे केला?"

मी तिला खूण म्हणजे काय ते सांगितलं. तिने हा शब्द कधी ऐकलाच नव्हता. घरात आम्ही सगळे निशाणच म्हणतो, की मार्क म्हणतो. मग तिने पान पुन्हा वाचलं, या वेळी नीट, आणि म्हणाली, "पण बाबा, यात तर त्याचा पूर्ण टाइमटेबल आहे यार. कुणाला त्याला मारायचंच असेल, तर अजून काय लागेल?"

बायको म्हणाली, "अहो, फाडा ते."

मी फाडलं नाही. चार दिवस घरी पडून होतो, वही उशाशी, आणि रोज मला पटत होतं की मी तत्त्वाचा माणूस आहे.

पाचव्या दिवशी मी परत गेलो. तोवर गेटाबाहेरच्या सगळ्या गल्लीला ठाऊक झालं होतं की सात नंबरने एका मराठा बाबूला अर्धमेला केला, कारण बाबूच्या वहीत त्याच्या येण्याजाण्याचा हिशेब होता. ही बातमी ज्यांना हवी होती त्यांच्यापर्यंतही गेली होती. चहाच्या टपरीवर दोन तरुण उठून उभे राहिले, स्वच्छ कपडे, वाकून नमस्कार. अंकलजी म्हणाले. माझ्या टाक्यांकडे पाहून त्यांना फार वाईट वाटलं. चला, गाडीत बसून बोलू, बाहेर धूळ आहे.

गाडीत गिअरशेजारी, लोक गॉगल ठेवतात तिथे, एक गावठी कट्टा होता. त्यांनी तो लपवला नाही, दाखवलाही नाही. एकाने समजुतीच्या सुरात सांगितलं की ज्याने माझं हे केलं त्याचं ते काय करायचं ते बघून घेतील, मला काही करावं लागणार नाही, फक्त पान द्या. त्यांना प्रामाणिकपणे वाटत होतं की मी त्याच्यावर चिडलेलो आहे. आणि मी चिडलेलो होतोच, चावताना अजून दुखत होतं. एक क्षण, खोटं कशाला बोलू, एक क्षण मला वाटलं की मी काही करतच नाहीये, ते स्वतःच वही घेताहेत.

त्यांनी वही घेतली. पान सापडलं. दोघे वाचू लागले. अक्षरं लागत होती, अर्थ लागत नव्हता. मला म्हणाले, अंकलजी, हे काय आहे ते सांगा.

आता आयुष्यभर मी थापा मारत आलोय, बायकोला, मेव्हण्यांना, लग्नात शेजारी बसलेल्या अनोळखी माणसांना. पण त्या सगळ्या तालमी या दहा मिनिटांसाठी होत्या असं मला आज वाटतं. मी चष्मा लावला आणि म्हटलं, हा दाराच्या मापाचा कागद आहे. सात नंबरचं दार. 'आला' म्हणजे आला दर्जाचं, अव्वल पोलाद, नऊ दशांश दहा. 'पाणी' तर तुम्हाला कळतंच, पोलादाला पाणी देतात ना, ते. 'लघवी' म्हणजे लघु, छोटं माप, दहा दशांश पंधरा. ते दोघे मान डोलावत होते. 'जेवण' म्हणजे जे-वन, इंग्रजी ग्रेड आहे, आणि 'एकटा' म्हणजे एक टाका, एकच टाका मारायचा, दोन मारले की पोलाद तडकतं. 'सुटला' म्हणजे सूत, मिस्त्री लोक मोजतात तो सूत, पाच दशांश पस्तीस सूत जाडी. आणि 'मागच्या फाटकाने'? मी म्हटलं, फाटक म्हणजे दारच की, माँग का फाटक, ज्याची फौजेने मागणी केली आहे ते.

मला स्वतःला पटलं. ते दार मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं.

"और यो खूण?" पुढच्याने विचारलं.

इथे मी खरं सांगितलं. खूण म्हणजे निशाण, खडूने केलेलं. त्या अख्ख्या पानावर खरा अर्थ सांगितलेला हा एकच शब्द, आणि नेमका तोच त्यांना खोटा वाटला. मागे बसलेल्याने माझा उजवा हात हळूच हातात घेतला, मधलं बोट वेगळं केलं आणि ते मागे वळवत नेलं. पुन्हा विचारलं. मी पुन्हा निशाण म्हटलं. ओली काडी मोडताना आवाज येत नाही, फक्त हाताला कळतं, तसं ते मोडलं. मी ओरडलो नाही असं मी सांगतो. टपरीवाला सांगतो की त्याच्या हातातली किटली पडली. डाव्या हाताने मी गाडीच्या काचेवरच्या धुळीत गोल काढला, शेपटी काढली. निशाण, निशाण, निशाण. दुसऱ्या बोटाला हात घालता घालता तो थांबला. पुढच्याने मोबाइलमध्ये पानाचा फोटो काढला, वही माझ्या मांडीवर टाकली आणि दार उघडून मला पायाने बाहेर ढकललं.

फोटो. दिल्लीत मराठी वाचणारा शोधायला किती वेळ लागतो? कँटोनमेंटमध्ये निम्मी पलटण साताऱ्या-सांगलीची. 'सुटला'चा अर्थ कुठलाही शिपाई, का विचारताय हे न विचारता, हसत सांगेल.

मी आत धावलो. सात नंबरचं दार पूर्ण झालं होतं, तो पुढच्या दाराला बसला होता. मी त्याला बोट दाखवलं, म्हणजे ते ज्या दिशेला गेलं होतं ते दाखवलं, आणि सगळं सांगितलं. त्याने ग्लोव्हज काढले, घडी करून ठेवले. तयार दारांचा ट्रक डेपोला निघत होता. तो ताडपत्रीखाली शिरला आणि दारांच्या दोन रांगांमध्ये बसला. गोळी न शिरणाऱ्या पोलादाच्या बारा दारांच्या मधोमध. उत्तर प्रदेशात त्या दुपारी त्याच्याइतका सुरक्षित माणूस दुसरा नसेल. ताडपत्री ओढण्याआधी त्याने माझ्या वहीकडे पाहिलं, त्या दिवसासारखंच.

तेव्हा मी ते पान फाडलं. डाव्या हाताने आणि दातांनी. आणि खाल्लं. बायको म्हणते मी ते टपरीच्या चुलीत जाळलं, पण ती तिथे नव्हती. दोन्ही बाजू गेल्या : त्याच्या वेळाही आणि पाठीमागचे दाराचे तासही.

सुपरवायझरला सांगून मी मागच्या फाटकाला आतून कुलूप घालायला लावलं आणि त्या बाजूच्या बूथमधल्या माणसांना पुढे पाठवलं. हाताला पट्टी बांधून मी तिथेच एका ड्रमाआड बसलो. पाच पस्तीसला मोटारसायकलचा आवाज आला. फाटक उघडेना म्हणून ते थोडे थांबले असतील. मग पत्र्याला एकामागून एक तीन भोकं पडली, माणसाच्या छातीच्या उंचीवर, आणि आतला ऑक्सिजनचा रिकामा सिलिंडर घंटेसारखा वाजला. मोटारसायकल निघून गेली. माझ्या पंचवीस वर्षांच्या नोंदींतला एकही आकडा कुणी इतक्या मिनिटाबरहुकूम वापरला नव्हता.

कार्यालयात साहेबांनी तक्ता पाहिला. पहिलं दार, चौदा तास पाच मिनिटं. दुसरं, पंधरा तास वीस. तिसऱ्यापुढे मी लिहिलं होतं : माहिती उपलब्ध नाही. साहेबांनी विचारलं, दार चालत निघून गेलं का? मी म्हटलं, दार तिथेच आहे, तास गेले. वहीत एका पानाची फाटकी कड दिसत होती. त्यावर त्यांनी अंगठा फिरवला. पान कुणी फाडलं, असं विचारलं. मी फाडलं. का, असं विचारलं नाही. माझ्या बोटाकडे आणि भुवईकडे पाहिलं आणि दोनच दारांची सरासरी काढायला सांगितली. पण त्या दिवसापासून माझ्या वह्या ते दुसऱ्याकडून तपासून घेऊ लागले. ते मला बोटापेक्षा जास्त लागलं.

साक्षीची तारीख आली, गेली. मी रोज पेपर उघडून आधी कालव्यात, उसाच्या शेतात, रेल्वे रुळांवर सापडलेले अनोळखी देह वाचायचो. उंची दिली असली की श्वास धरून वाचायचो. प्रत्येक वेळी तो बुटका निघाला की कुणाच्या तरी मरणावर मला हायसं वाटायचं, आणि मग स्वतःची लाज.

दीड महिन्याने, दुपारी जेवणाच्या सुटीत, अनोळखी नंबरवरून फोन आला. मागे ट्रक चालू असल्यासारखा आवाज. आधी त्याने नाव सांगितलं नाही, नंबर सांगितला. सात. मग सांगितलं की साक्ष झाली, दोन दिवस उलटतपासणी झाली, तो हलला नाही. आता कुठे आहे ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. माझ्या आयुष्यात न विचारलेला तो पहिला प्रश्न.

मग म्हणाला, लिहायला घे.

डाव्या खांद्यात फोन धरून मी वही काढली. उजवं मधलं बोट आता सरळ होत नाही, पेन त्याच्या बाजूने निसटतं. मी तो तक्ता उघडला, तिसऱ्या दाराची ओळ शोधली.

"किवाड़ के ग्यारह घंटे पैंतीस मिनट," तो म्हणाला. "तेरी धुनाई के पंद्रह मिनट न्यारे."

फोन ठेवला गेला. मी 'माहिती उपलब्ध नाही'वर एक रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, तास ११.३५. तिघांत सगळ्यात लवकर त्याचं दार झालं होतं. मग माझ्या माराच्या त्या पंधरा मिनिटांचा विचार करत बसलो. दार बनवताना गेलेली वेळ आणि वाया गेलेली वेळ, असे आमच्याकडे दोनच रकाने आहेत. साहेब आले, पेन थांबलेलं पाहून त्यांनी विचारलं, काय अडलंय?

मी म्हटलं, काही नाही साहेब. एक पाव तास कुठे टाकावा ते बघतोय.